सहा महिने झाले, गोळीशिवाय डोळा लागत नाही. काय करू?

गिरणीवाली | ११ जून, पहाटे ३:१०

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. वेळ बघितलीत तर का लिहितेय ते कळेलच.

माझं वय ५१. सिन्नरला आमची पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांपासूनची. गेल्या नोव्हेंबरात यांची बायपास झाली. नाशिकच्या दवाखान्यात नऊ रात्री मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर काढल्या. दार उघडलं की उठून उभी राहायचे, आपलंच नाव घेतायत की काय म्हणून. घरी आणल्यावरही तेच. हे झोपले की मी कान देऊन ऐकत पडायचे, श्वास चालू आहे ना. मध्येच आवाज थांबायचा, मी छातीवर हात ठेवायचे, मग एकदम मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू. आता हे बरे आहेत, सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतात. माझी झोप मात्र गेली ती गेलीच.

डिसेंबरात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलमची पाव मिलिग्रॅमची गोळी दिली, दहा दिवसांसाठी. पहिल्या रात्री अशी झोपले की दूधवाला बेल वाजवून निघून गेला तरी कळलं नाही. फेब्रुवारीत पाव पुरेना, अर्धा मिलिग्रॅम झाली. दहा दिवसांचे सहा महिने झाले. जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स दाखवून आणत होते, पण मागच्या महिन्यात मेडिकलवाल्यानं सांगितलं, काकू, नवीन चिठ्ठी आणा, त्याशिवाय देणार नाही. त्या दोन रात्री गोळी नव्हती. छाती धडधडतेय, हात थरथरतायत, पंख्याचा आवाजसुद्धा डोक्यात घण घातल्यासारखा. दोन्ही रात्री टक्क जागी. तेव्हापासून मनात बसलंय की आपली स्वतःची झोप आता उरलीच नाही, जी आहे ती गोळीची.

आणि गोळी घेऊनही किती? साडेअकराला डोळा लागतो, पावणेतीनला उघडतो. मग सहापर्यंत छताकडे बघत पडायचं.

करायचं ते सगळं केलं. जायफळ घालून दूध. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप. अश्वगंधा. रामरक्षा. झोप हुकायला नको म्हणून रात्री नऊलाच अंथरुणावर जाते. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा पोत्यांना टेकून तासभर पडते. पुण्याहून मुलानं हातात घालायचं घड्याळ पाठवलंय, ते सकाळी सांगतं, गाढ झोप २२ मिनिटं. ते वाचलं की दिवसभर हातपाय गळाल्यासारखे होतात.

दोन गोष्टी अशा झाल्या की मी घाबरले. एकादशीच्या आदल्या दिवशी एका आजीबाईंचं वरई-राजगिऱ्याचं दळण आलं. उपवासाचं दळण घ्यायच्या आधी आम्ही चक्की झाडून पुसून घेतो, पहिलं मूठभर बाजूला काढतो. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही. त्या दिवशी मी ते गव्हावरच टाकलं. डबा भरून देताना पिठाचा रंग बघितला तेव्हा लक्षात आलं. आजी काही बोलल्या नाहीत, पण मी घरी येऊन रडले. दुसरं म्हणजे परवा चालू पट्ट्याजवळ उभ्याउभ्या डुलकी आली. पदर पट्ट्यापासून वीतभर होता.

घरात कुणाला सांगायची सोय नाही. जाऊ म्हणते, नवरा वाचला, आता कसली काळजी, सुख टोचतंय. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावं का? लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण तिथे अजून एक गोळी वाढवून देतील अशी भीती वाटते. ही गोळी सुटते का कुणाची? कुणाची सुटली असेल तर कशी, ते सांगा.

---

मुक्कामी_गाडी | ११ जून, सकाळी ६:२५

ताई, सुटते. आधी एवढं वाचा आणि चहा घ्या, बाकीचं सावकाश.

मी एसटीत २६ वर्षं ड्रायव्हर होतो, सातारा भागात. त्यातली निम्मी वर्षं मुक्कामी गाडीवर. गावात रात्री नऊ-साडेनऊला पोचायचं, गाडीतच नाहीतर देवळाच्या ओसरीवर पाठ टेकायची आणि पहाटे पाचला पुन्हा स्टार्टर मारायचा. तेव्हा झोप कधी शोधावी लागली नाही, पाठ टेकली की यायची. रिटायर झालो, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर आलो आणि झोप गेली. दीड वर्ष गेली. मला गोळी नव्हती, पण बाकी तुम्ही लिहिलंय ते सगळं होतं. लवकर आडवं होणं, दुपारची झोप, घड्याळ बघणं. माझी सून फार्मसीत आहे, तिनं ओळखीतून एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव काढलं. आठवड्यातून एकदा असं सहा वेळा गेलो. या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे गोळीशिवाय, झोपेच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाशावर करायचा उपचार.

बाईंनी पहिल्या दिवशी काहीच उपचार केला नाही. एक वही दिली आणि पंधरा दिवस भरून आणायला सांगितली. किती वाजता आडवे झालात, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये किती वेळ जागे होतात, उठलात कधी, दिवसा पडलात का, चहा किती. अंदाजे हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला, रात्री घड्याळ बघायचं नाही. मी वही भरली. अंथरुणात साडेनऊ ते साडेपाच, आठ तास. प्रत्यक्ष झोप सरासरी साडेचार तास. बाईंनी भागाकार केला: ४८० मिनिटांतली २७० मिनिटं, म्हणजे ५६ टक्के. म्हणाल्या, ८५ टक्के हवेत. मी म्हटलं, मग झोप वाढवा. त्या म्हणाल्या, आधी गादीवरचा वेळ कमी करू.

मला ते उलटंच वाटलं. ज्याला झोप नाही त्याचीच आणखी कापायची? पण त्यांनी समजावलं ते मला पटलं, म्हणून तुम्हालाही सांगतो. झोपेचीही भूक असते. जागं राहू तेवढी ती साठत जाते. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य दिवसभर जमत जातं, त्यातून ही भूक तयार होते. चहा-कॉफी त्या द्रव्याची जागा अडवते, म्हणून तरतरी वाटते. दुपारी तासभर पडणं म्हणजे जेवणाआधी बशीभर चिवडा खाणं. रात्री ताटावर बसलो तरी भूक नसते. दुसरं असतं शरीराचं घड्याळ. ते रोज एकाच वेळी उठण्यानं आणि सकाळच्या उजेडानं बसतं. ही भूक आणि हे घड्याळ एका वेळी जुळलं की झोप लागते. साडेनऊ वाजता माझी ना भूक झालेली असायची, ना घड्याळ तिथे आलेलं असायचं. मग अडीच तास मी गादीवर काय करत होतो? जागं राहायची प्रॅक्टिस. दीड वर्ष रोज प्रॅक्टिस केली तर गादी बघितल्यावर जाग येणारच.

मला वेळ ठरवून दिली, रात्री साडेअकरा ते पहाटे पाच. साडेपाच तास. त्याच्या आधी गादीला पाठ लावायची नाही. पाच वाजता उठायचं म्हणजे उठायचं, मग रात्र कशीही गेलेली असो, रविवार असो. गादीवर झोपेशिवाय काही नाही, मोबाईल नाही, पेपर नाही, हिशोब नाही. झोप येत नाही असं वाटलं, साधारण वीस मिनिटं अंदाजे, की उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं.

पहिला आठवडा फार वाईट गेला, खोटं बोलणार नाही. साडेनऊ ते साडेअकरा हे दोन तास कसे काढायचे? बसलो की मान पडायची. बायकोनं भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पुढ्यात ठेवलं. रोज रात्री ओट्यावर बसून शेंगा फोडायचो. बारा दिवसांत पोतं संपलं. मध्यरात्री उठावं लागलं तर स्वयंपाकघरात पाटावर बसायचो, दिवा न लावता. चौथ्या रात्री तीनदा उठलो. नवव्या रात्री, मला तारीख आठवते, २२ जानेवारी, साडेअकराला पडलो आणि थेट पाचच्या गजराला उठलो. गादीवर बसून मी काही वेळ नुसता गजर ऐकत राहिलो. वहीत टक्के ८५ च्या वर गेले की बाई पंधरा मिनिटं वाढवायच्या. आज माझी झोप सव्वासहा तास आहे. आठ नाही. मला तेवढी पुरते.

आता ताई, एक गोष्ट हात जोडून सांगतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिवसा झोप अनावर होते. मी तेव्हा गाडीला हात लावला नाही, स्कूटरलासुद्धा नाही. नोकरीत असताना एकदा पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात माझा डोळा लागला होता. डोळे उघडेच होते, पण मधलं एक वळण मला आठवतच नाही. गाडीत ४१ माणसं. काही झालं नाही, पण ते वळण मी अजून विसरलो नाही. तुमच्या गिरणीचा पट्टा तसाच आहे. हे सुरू करणार असाल तर आधी मशीनवर दुसरं माणूस उभं करा, मगच. आणि गोळी चालू असताना हे सगळं मनानं करू नका, डॉक्टर बरोबर पाहिजेत.

आजींच्या दळणाचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला रंग बघून कळलं, यातच सगळं आलं.

---

सरळमार्ग | ११ जून, सकाळी ११:०२

एवढा विचार कशाला? गोळी एकदम बंद करा, तीन-चार रात्री त्रास होईल, सहन करा, सुटेल. माझं सिगारेटचं व्यसन असंच सुटलं. नाहीच जमलं तर अल्प्राझोलमऐवजी झोल्पिडेम घ्या, माझी बायको घेते, त्याची सवय लागत नाही.

---

डॉ_तालुका | ११ जून, रात्री ९:४०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत. इथे कुणाला डोस लिहून देणार नाही, पण वरचा प्रतिसाद तसाच राहिला तर कुणाचं तरी नुकसान होईल, म्हणून लिहितो.

सरळमार्ग, सिगारेट एकदम सोडली तर चिडचिड होते. अल्प्राझोलम महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली तर फिट येऊ शकते. दोन्ही एका मापानं मोजू नका. झोल्पिडेम मेंदूत जवळपास त्याच जागी काम करते आणि तिचीही सवय लागते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्त्रियांसाठी तिचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला, कारण सकाळी गाडी चालवायच्या वेळीही ती रक्तात बरीच उरलेली आढळत होती. २०१९ मध्ये त्यांनी सगळ्यांत ठळक इशारा छापायला लावला, कारण माणसं झोपेत चालत होती, स्वयंपाक करत होती, गाडी चालवत होती. पट्ट्याजवळ काम करणाऱ्या बाईला ही गोळी सहज सुचवण्यासारखी नाही.

ताई, त्या दोन रात्रींबद्दल. धडधड, थरथर, आवाज सहन न होणं, ही गोळी अचानक तुटल्याची लक्षणं आहेत. अल्प्राझोलमचा अंमल लवकर उतरतो, म्हणून ती तुटली की शरीर फार जोरात उसळतं. त्यावरून तुमची झोप उरली नाही असा निष्कर्ष काढू नका. तुमची खरी झोप कशी आहे ते त्या दोन रात्रींत दिसलंच नाही, गोळीची ओढ दिसली. गोळी हळूहळू उतरवतात. दर दोन आठवड्यांनी थोडी, आणि शेवटचा टप्पा सगळ्यांत सावकाश. कधी आधी जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर नेऊन मग उतरवतात. ते तुम्हाला तपासून ठरवायचं असतं. मेडिकलवाल्यानं नवीन चिठ्ठी मागितली ते त्यानं योग्य केलं. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. २०१४ पासून दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं.

तुमची भीती मला माहीत आहे, ओपीडीत रोज ऐकतो: मानसोपचारवाला आणखी एक गोळी वाढवेल. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुनाट निद्रानाशावर प्रत्येक प्रौढ माणसाला पहिला उपचार सीबीटी-आय द्यावा, गोळी नंतर. युरोपातही तसंच आहे. मुक्कामी काकांनी वर जे लिहिलंय तोच तो उपचार. आपल्याकडची अडचण वेगळी आहे, तो देणारी माणसं कमी आहेत आणि ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत गोळीच लिहून होते. हे मी आमच्याबद्दलच सांगतोय.

आठवड्यात तीन रात्री आणि सलग तीन महिने झोपेचा त्रास आणि दिवसा त्याचा परिणाम, याला आम्ही जुनाट निद्रानाश म्हणतो. १९८७ मध्ये स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्याची उकल फार छान केली. मूळचा स्वभाव असतो, आग लावणारी घटना असते आणि आग तेवत ठेवणारं सरपण असतं. तुमची घटना म्हणजे ऑपरेशन, ते नोव्हेंबरात झालं आणि संपलं. सरपण अजून पडतंय: नऊ वाजताचं अंथरुण, दुपारचा तास, घड्याळाचे आकडे, आणि गोळी. घड्याळ काढून ठेवा. ते मनगटाच्या हालचालीवरून आणि नाडीवरून अंदाज बांधतं. गाढ झोप मोजायला डोक्याला तारा लावाव्या लागतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, पाळीचं काय? रात्री घामानं जाग येते का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) शेवटचं कधी तपासलं? सकाळी लवकर जाग येते तेव्हा मन कसं असतं, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतं असं काही असेल तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दुसरी गोष्ट तुमच्या यजमानांबद्दल. तुम्ही लिहिलंय, आवाज मध्येच थांबायचा आणि मग एकदम मोठा श्वास. अजून होतं का? घोरतात का? दिवसा बसल्याबसल्या पेंगतात का?

---

रानजाई | १२ जून, दुपारी २:१५

गिरणीवाली ताई, फेरिटिन खरंच तपासा. माझं वय ४८, चिपळूण. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळायचं, पाय हलवल्याशिवाय चैन पडायचं नाही. मला वाटायचं थकवा आहे, सासूबाई पायाला सुंभ बांधायच्या. फेरिटिन निघालं ११. पाळी जायच्या वयात अंगावरून खूप जात होतं, त्यानं ही वेळ आली. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्या, पाय शांत झाले, झोप आपोआप आली. झोपेचं औषध एकही घेतलं नाही. सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही, पण दीड वर्ष मी चुकीच्या जागी शोधत होते म्हणून सांगते.

---

गिरणीवाली | १२ जून, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, मी तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. घोरतात. आधीपासूनच घोरतात, आम्ही कधी मनावर घेतलं नाही, घरात सगळेच पुरुष घोरतात. दुपारी टीव्हीसमोर बसले की मान खाली. श्वास मध्येच थांबणं अजून आहे. मला वाटायचं ऑपरेशनमुळे माझ्याच मनात भीती बसलीय, म्हणून तसं ऐकू येतं.

काका, मशीनवर पुतण्याला उभं करायचं ठरवलंय, कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे. मी गल्ला आणि वजनकाटा बघेन. आणि रात्रीचे दोन तास कसे काढायचे ते कळलं. आमच्याकडे निवडायला धान्य काही कमी नाही.

---

डॉ_तालुका | १२ जून, रात्री १०:३०

ताई, ते तुमच्या मनाचं नव्हतं. तुम्ही बरोबर ऐकत होतात. झोपेत घशाचा रस्ता बंद होऊन श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून उठवतो, आणि मग तो मोठा श्वास. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. बायपास झालेल्या माणसात हे तसंच सोडायचं नाही, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके दोन्हींवर ताण येतो. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना हेच शब्द सांगा आणि झोपेची तपासणी करून घ्या. तुमच्यासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, जाताना काकांसारखी वही भरून न्या. तोवर गोळी आहे तशी चालू ठेवा, एकही कमी करू नका. बरोबर दारू किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चालत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

---

गिरणीवाली | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

दोन महिने झाले. काय झालं ते कळवायचं राहिलं होतं, आज निवांत बसलेय.

आधी यांचं सांगते. रात्रभर तारा लावून तपासणी केली. तासाला ३४ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट येत होता. तिशीच्या वर गेलं की तीव्र म्हणतात. रिपोर्ट वाचताना यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तू इतके दिवस हे एकटी मोजत होतीस. मी काही बोलले नाही. आता मास्कचं मशीन लावून झोपतात. पहिले आठ दिवस काढून फेकायचे, नाकावर वळ उठायचा. मग मास्कचा आकार बदलून दिला. आता रात्रभर एक बारीक फुसफुस चालू असते, आणि ती थांबत नाही. दुपारी टीव्हीसमोर पेंगणं बंद झालं.

माझ्या रक्तात थायरॉइड बरोबर निघालं, फेरिटिन ३८. लोह सुरू केलंय, पाय वळवळण्याचा त्रास मला नाही, पण थकवा कमी झालाय. रात्री घाम येतो, ते पाळी जाण्याचं आहे, त्यासाठी वेगळं दाखवलं.

मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात रांग दोन तासांची होती. माझ्या पुढे एक शिक्षक, मागे कांद्याचे व्यापारी. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी पदर पुढे घेऊन बसले होते. तर गिरणीतलंच एक गिऱ्हाईक भेटलं, मुलाला घेऊन आलेली. तिनं मला जागा करून दिली. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. वही बघितल्यावर त्यांचा चेहराच खुलला, म्हणाल्या, अशी वही आणणारा पेशंट महिन्यातून एखादा येतो. माझा हिशोब होता अंथरुणात नऊ तास, झोप पाच तास, ५६ टक्के. त्यांनी मला सहा तास दिले, साडेअकरा ते साडेपाच. पाच-साडेपाच द्यायला नको म्हणाल्या, कारण गोळी उतरवायची होती आणि गिरणीचं काम. दोन गोष्टी एकदम सुरू केल्या नाहीत. तीन आठवडे नुसती वेळ पाळली, गोळी होती तेवढीच. मग ०.५ वरून ०.३७५. म्हणजे पावची एक आणि पावची अर्धी. ब्लेडनं अर्धी करताना पहिल्यांदा हात थरथरला. त्या आठवड्यात दोन रात्री वाईट गेल्या, पण मागच्यासारखी धडधड नव्हती. आता पाव मिलिग्रॅमवर आहे.

रात्री साडेनऊ ते साडेअकरा मी ओसरीत सूप घेऊन बसते. गहू निवडते, हरभऱ्यातले खडे काढते. पहिल्या आठवड्यात सुपावरच मान पडायची, तेव्हा पुतण्या हाक मारायचा. डॉक्टर मॅडमनी चहा दुपारी दोनच्या आत दोन कप इतका ठरवून दिला. ते सगळ्यांत जड गेलं, कारण गिऱ्हाईक येतं ते चहा सांगूनच बसतं. आता मी कप हातात घेते आणि पुतण्याला देते.

एक गोष्ट मात्र वहीत लिहिता येत नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे झोप नाही आली की उठून बाहेर जायचं. पहिल्यांदा उठताना मला वाटलं, मी यांना सोडून जातेय. मी नसताना श्वास थांबला तर? दारात उभी राहून ऐकत होते. मशीन आल्यानंतर ते सुटलं. आता पहाटे जाग आली तरी ती फुसफुस ऐकू येते आणि मी कूस बदलते. किती वाजले ते बघत नाही. घड्याळ मुलाला परत पाठवलं, त्यानं विचारलं आई बिघडलं का, मी म्हटलं नाही रे, तूच वापर.

गेल्या आठवड्याची सरासरी: अंथरुणात सव्वासहा तास, झोप पाच तास पंचवीस मिनिटं. भागाकार मी स्वतः केला, ८७ टक्के. या सोमवारपासून पुढची पंधरा मिनिटं मिळाली.

पुतण्याचं कॉलेज सुरू झालं, तेव्हा मॅडमना विचारून मी पुन्हा मशीनवर उभी राहायला लागले, फक्त सकाळी. पट्ट्याला आता जाळी बसवून घेतली आहे, ती आधीच असायला हवी होती. काल त्याच आजीबाई उपवासाचं दळण घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर चक्की झाडली, फडक्यानं पुसली, पहिलं मूठभर बाजूला काढलं. जूनमधलं त्यांना सांगून टाकलं, पैसे परत देऊ केले. त्या म्हणाल्या, मला चवीवरून कळलं होतं, तुझ्या डोळ्यांखाली बघितलं म्हणून बोलले नाही.

उरलेली पाव गोळी कधी सुटेल, विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, घाई नाही, गणपती उठले की पुढची चिठ्ठी बघू, मधल्या काळात पाहुणे, जागरणं असतात. काका, तुम्हाला गोळीच नव्हती, पण इथे कुणी गोळी उतरवली असेल तर एक विचारते: पावची अर्धी केल्यावर पुन्हा अर्धी करताना चुरा होतो. तुम्ही ते कसं केलंत?

---

डॉ_तालुका | १० ऑगस्ट, रात्री ९:१५

चुरा करून मोजू नका, रोजचा डोस कमी-जास्त होईल. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते. आणि तो टप्पा येईल तेव्हा आधी तुमच्या मॅडमना हेच विचारा. अनेकदा आम्ही त्या वेळी औषधच बदलून देतो, म्हणजे इतके बारीक तुकडे करावे लागत नाहीत. यजमानांच्या मशीनचा फिल्टर वेळेवर बदला, गिरणीचं घर आहे, पीठ उडतं.